“ताई, पंखा फिरत होता का?”

कुकर गॅसवर चढवला की आपण घरात कुठेही असलो तरी आपला एक कान स्वयंपाकघरात असतो. इतका वेळ झाला, शिटी का नाही झाली? रिंग सैल झाली का? तळाला पाणी घालायचं राहिलं का? हे प्रश्न आपल्याला कुणी शिकवावे लागत नाहीत. पण तीच मी, दोन वर्षं स्वतः गाडी चालवत होते, आणि गाडीच्या पुढच्या जाळीमागे एक विजेवर चालणारा पंखा असतो, तो ऐन वेळी फिरला नाही तर इंजिनाची माती होते, हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं! ते कळलं खंबाटकीच्या घाटात, भर मे महिन्यात, आणि शेजारच्या सीटवर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई बसलेल्या असताना.

मे २०२२ मधला शनिवार होता. आम्ही साताऱ्याला राहतो. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्याला झालं, त्यानंतर तीन दिवस आम्ही ननंदेकडे राहिलो. डॉक्टरांनी घरी जायला परवानगी दिली ती बजावूनच : डोळ्यात धूळ, घाम, पाणी जाऊ द्यायचं नाही आणि थेंबांची वेळ चुकवायची नाही. हे नोकरीच्या कामासाठी नाशिकला गेलेले. “ड्रायव्हर सांगू का?” असं त्यांनी फोनवर विचारलं, तर मी जरा तोऱ्यातच म्हटलं, “कशाला? शंभर-सव्वाशे किलोमीटरचा तर रस्ता!”

शिरवळपर्यंत सगळं छान होतं. घाटाच्या पायथ्याशी मात्र सुट्टीची गर्दी. ट्रक, एसटी, लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्या, सगळ्यांची मुंगीच्या पावलांनी चाललेली रांग. एसीचा वारा हळूहळू कोमट झाला. सासूबाई पदरानं वारा घेऊ लागल्या. मागे बसलेली माझी आठ वर्षांची लेक म्हणाली, “आई, तो काटा बघ ना, वर चाललाय.”

बघते तर काय, एरवी मधोमध शहाण्यासारखा उभा राहणारा तापमानाचा काटा लाल रेघेला टेकायला आलेला! पाठोपाठ गोडसर, जळकट वास आला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. डाव्या बाजूला थोडी रुंद जागा दिसली तिथे कशीबशी गाडी घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि हाताला पदर गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. माझं साधं गणित : गाडी तापली आहे, म्हणजे पाणी घालायला हवं! तेवढ्यात मागच्या ट्रकमधून हाक आली, “ताई, हात लावू नका! झाकण उघडू नका!”

ट्रकचालक पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांनी आधी आमच्या मागच्या चाकाला दगड लावला, मग म्हणाले, “आता अर्धा-पाऊण तास गाडीकडे बघायचं नाही. आजींना सावलीत बसवा.” आणि मग त्यांनी मला तो प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

“ताई, पंखा फिरत होता का?”

मी विचारलं, “कुठला पंखा?”

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार!

पंखा कशाला हवा?

त्या पाऊण तासात मी रस्त्याच्या कडेला जो धडा शिकले तो आधी सांगते. मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी. विज्ञान माझं शाळेबरोबरच सुटलं. तेव्हा मला समजलं ते कुणालाही समजेल.

इंजिनात पेट्रोल जळतं, त्याची उष्णता प्रचंड. ती वाहून नेण्यासाठी इंजिनाच्या अंगातून पाणी आणि कूलंटचं मिश्रण सतत फिरत असतं. गरम झालेलं हे मिश्रण पुढच्या रेडिएटरमध्ये येतं. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची जाळी. तिच्यातून वारा गेला की आतलं पाणी निवतं आणि पुन्हा इंजिनात जातं. आपण गरम दूध परातीतल्या पाण्यात ठेवून वर वारा घालतो ना, तसंच.

गाडी वेगात असताना समोरचा वारा आपोआप जाळीतून जातो, तेव्हा पंख्याची गरज जवळजवळ नसतेच. पण सिग्नलला, रेल्वे फाटकाशी, घाटातल्या रांगेत गाडी उभी असते आणि इंजिन चालू. तिथे वारा कुठून येणार? तो देण्याचं काम या पंख्याचं. पाणी साधारण नव्वद-पंचाण्णव अंशांच्या पुढे गेलं की तो सुरू होतो आणि काही अंश उतरलं की थांबतो. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा. एसी लावला तर बहुतेक गाड्यांत हा पंखा आपोआप फिरू लागतो, कारण एसीची जाळीही तिथेच पुढे असते. काही गाड्यांत शेजारी शेजारी दोन पंखे असतात, एक मुख्य आणि एक मदतीचा. मदतीचा बंद पडला तर एरवी कळतही नाही, एसी लावून गर्दीत अडकलं की कळतं.

घरातली जुनी माणसं म्हणतात, “आमच्या वेळी असलं काही नव्हतं.” खरं आहे त्यांचं. अ‍ॅम्बॅसिडर आणि पद्मिनीमध्ये पंखा पट्ट्यावर, इंजिनाबरोबरच फिरायचा. इंजिन चालू तर पंखा चालू. पुढे इंजिन आडवं बसवलेल्या गाड्या आल्या. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून त्या आपल्याकडे घरोघर पोचल्या. अशा इंजिनाच्या पट्ट्यावर समोरचा पंखा फिरवता येत नाही, म्हणून त्याला स्वतंत्र विजेची मोटर आली. मोटर आली म्हणजे तिच्यामागे फ्यूज आला, रिले आला, वायरी आल्या, तापमान ओळखणारा सेन्सर आला. एवढ्यांपैकी एकजण रुसला की पंखा बंद!

झाकण आणि कुकर

आता त्या झाकणाबद्दल. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिटीच समजा. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि आतलं पाणी शंभर अंशांऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. रेडिएटरच्या झाकणातही स्प्रिंग असते आणि तीही पाण्याला दाबाखाली ठेवते. त्यामुळे शंभराच्या वर जाऊनही ते पाणी उकळत नाही. पण झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि सगळं पाणी त्या क्षणी उकळून तोंडावर उसळतं. वाफ न जिरता कुकर उघडायला आपण कुणाला देऊ का? मग इथेही नाही. त्या भल्या माणसानं हाक मारली नसती, तर त्या दिवशी सासूबाईंच्या डोळ्याऐवजी माझ्याच चेहऱ्याचं ऑपरेशन करावं लागलं असतं.

पाऊण तासानं हुडवर पाण्याचे चार थेंब टाकून पाहिले, चरचरले नाहीत. मग जाड फडक्यानं झाकण आधी थोडंसंच सैल केलं, उरलीसुरली वाफ जाऊ दिली, मग काढलं. पाणी घातलं तेही हळूहळू. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. तापल्या काचेच्या ग्लासात गार पाणी ओतावं, तसाच प्रकार.

निघताना ट्रकचालकांनी आणखी एक युक्ती सांगितली. “एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, वारा जोरात सोडा, काचा उघड्या.” मला वाटलं, हे चेष्टा करताहेत. मे महिन्यात हीटर? पण हीटर म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्यातलीच उष्णता आत ओढून घेणारा छोटा रेडिएटर. इंजिनाचा तेवढाच भार हलका होतो.

तर बायांनो, आम्ही हीटर लावून घाट चढलो! काळा चष्मा लावलेल्या सासूबाईंच्या डोळ्यावर मी स्वच्छ ओढणी बांधली. लेक त्यांच्या कपाळावरचा घाम टिपत होती. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “अगं, डोळा वाचला, पण उरलेली मी भाजून निघाले.” माझी नजर रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त. वर पोचलो, उतार लागला, वारा मिळाला आणि काटा मुकाट्यानं खाली आला. वेळ्यात चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली, थेंब घातले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

“साहेबांना पाठवा”

सोमवारी गाडी गावातल्या एका गॅरेजात नेली. बॉनेट उघडून दोन मिनिटं पाहिल्यासारखं केलं आणि निकाल आला, “रेडिएटर चोक झालाय. वॉटर पंपही करून टाकू. चौदा हजारांपर्यंत जाईल.” मी विचारलं, “पंखा फिरतो का ते बघितलंत?” तर उत्तर, “मॅडम, तुम्ही साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.”

मैत्रिणींनो, राग चौदा हजारांचा नव्हता आला. दोन दिवसांपूर्वी घाटातल्या अनोळखी माणसानं मला रस्त्यावर उभं राहून सगळं समजावलं होतं आणि मला ते समजलंही होतं. मी गाडी घेऊन परत आले.

यांना फोन केला. हे म्हणाले, “मी येईपर्यंत थांब. उगाच हात लावू नकोस.” हात लावू नकोस! घाट चढून आणली ती मग कुणी?

दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञानाच्या बाईंपाशी मन मोकळं केलं. त्या म्हणाल्या, “शाळा सुटल्यावर मैदानात लाव गाडी. बघू तरी.” दोघींनी पदर खोचले, बांगड्या काढल्या, गाडीच्या डॅशबोर्डात पाच वर्षं धूळ खात पडलेलं मॅन्युअल बाहेर काढलं आणि कामाला लागलो. आम्ही जे केलं आणि पुढे जाणत्या वायरमनकडून जे शिकले, ते क्रमानं देते. यामागचं तत्त्व आपल्या घरचंच आहे : मिक्सर चालेना, तर आपण आधी बटण आणि प्लग बघतो, लगेच नवा मिक्सर आणत नाही. आधी फुकटाचं तपासा, मग स्वस्ताचं, महागाचं सगळ्यात शेवटी.

१. गाडी नेमकी कधी तापते? याला एक पैसा लागत नाही. उभी असताना किंवा रांगेत तापते आणि वेगात निघाली की निवते, तर संशय पंख्यावर. मोकळ्या रस्त्यावर वेगातही तापते, तर पंख्याचा दोष नसावा. मग पाणी कमी असणं, रेडिएटर तुंबणं, पंप किंवा थर्मोस्टॅट बिघडणं ही कारणं शोधायची. आमची गाडी शिरवळपर्यंत वेगात छान होती. म्हणजे उत्तर तिथेच होतं!

२. पाणी किती आहे? गाडी पूर्ण थंड असताना पारदर्शक डब्यातली पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवी. पाणी फार कमी असलं तर सेन्सरभोवती पाण्याऐवजी हवा राहते. इंजिन तापतं पण सेन्सरला ते कळतच नाही, आणि पंखा बिचारा हुकमाची वाट बघत बसतो. पाणी वारंवार कमी होत असेल तर गळती शोधायलाच हवी.

३. एसी लावून बघा. इंजिन थंड असताना गाडी सुरू करा, एसी पूर्ण गारवर ठेवा आणि पंखा फिरतो का ते दुरून बघा. बहुतेक एसीच्या गाड्यांत तो थोड्याच वेळात फिरायला हवा. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर मोटर चांगली आहे आणि दोष बहुधा सेन्सरमध्ये, त्याच्या जोडणीत किंवा थर्मोस्टॅटमध्ये. दोन्ही वेळा फिरत नाही, तर फ्यूज, रिले, वायर किंवा मोटर. आमचा दोन्ही वेळा ढिम्म!

४. फ्यूज. बॉनेटखाली काळी पेटी असते, तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. त्यात पंख्याचं चित्र किंवा रेडिएटर फॅन असं लिहिलेलं शोधा. किल्ली काढून घ्या आणि पेटीतल्याच छोट्या चिमट्यानं फ्यूज ओढा. आतली धातूची पट्टी तुटली किंवा काळी झाली असेल तर फ्यूज गेला. नवा घालताना आकडा तोच हवा. नेहमीच्या पात्याच्या फ्यूजमध्ये निळा १५ अँपिअरचा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. जास्त आकड्याचा फ्यूज, तांब्याची तार किंवा चांदीचा कागद घालून काम भागवणं म्हणजे गाडीला आग लावण्याची सोय करणं.

५. रिले. त्याच पेटीत काड्यापेटीहून लहान असे ठोकळे असतात. सेन्सरचा बारीकसा इशारा घेऊन मोटरला मोठी वीज सोडणारं हे बटण. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा आणि पंख्याचा रिले एकाच जातीचा असतो. दोघांवरचा नंबर अगदी सारखा असेल तरच अदलाबदल करून बघा. पंखा फिरला आणि हॉर्न मुका झाला, तर चोर सापडला!

६. सेन्सर. इथून पुढे जाणता माणूस हवा. जुन्या गाड्यांत रेडिएटरवरच दोन वायरींचा स्विच असतो. त्याची जोडणी काढून दोन टोकं जोडली आणि पंखा फिरला, तर स्विच खराब. नव्या गाड्यांत हे काम संगणक करतो. त्यांत अशी टोकं जोडायची नाहीत, नुकसान होईल. तिथे मेकॅनिक यंत्र लावून सेन्सर किती तापमान सांगतो ते वाचतो. मागून वाचून घ्या, तो आकडा तुम्हालाही दिसतो.

७. वायरी. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात. अर्थिंगची वायर गंजणं, जोडणीचं प्लॅस्टिक उष्णतेनं वितळणं, हेही नेहमीचं. डोळ्यांनी नुसतं निरखलं तरी पुष्कळ कळतं.

८. मोटर. मोटरला बॅटरीवरून थेट वीज देऊन बघतात. फिरली नाही किंवा अडखळत फिरली, तर तिचे कार्बन झिजले किंवा बेअरिंग अडकलं. ही तपासणी वायरमनलाच करू द्या.

आणि हे सगळं करताना एक गोष्ट कधीही विसरू नका. इंजिन गरम असेल तर हा पंखा किल्ली काढलेली असतानाही अचानक फिरू शकतो. बोटं, ओढणी, मंगळसूत्र, वेणी, काहीही त्याच्याजवळ नको. तपासणी इंजिन थंड असतानाच करा.

फ्यूज पुन्हा गेला!

आमच्या गाडीतला तीस अँपिअरचा हिरवा फ्यूज गेलेला निघाला. विज्ञानाच्या बाई आणि मी, दोघी टाळ्या पिटायच्याच राहिलो. दुकानातून चिल्लर पैशांत तसाच फ्यूज आणला, घातला, एसी लावला आणि घूंऽऽ करत पंखा फिरू लागला. त्या आवाजाइतकं गोड संगीत मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. घरी येऊन यांना फोनवर ऐटीत सांगितलं. हे जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “फ्यूज का गेला, ते बघितलंस का?”

मला राग आला. पण प्रश्न बरोबर होता. तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना सिग्नलला काटा पुन्हा चढला. घरी येऊन पाहिलं तर फ्यूज पुन्हा उडालेला!

घरातला फ्यूज वारंवार गेला तर आपण समजतो की गीझर किंवा इस्त्रीत काहीतरी दोष आहे. फ्यूज म्हणजे रोग नव्हे, तो तापासारखा असतो. ताप उतरवला म्हणजे रोग गेला असं नाही. या वेळी मी गॅरेजात न जाता गाड्यांचं विजेचं काम करणाऱ्या वायरमनकडे गेले आणि आतापर्यंत काय काय पाहिलं ते कागदावर लिहून नेलं. त्यानं कागद वाचला, बॅटरीची वायर काढली आणि पंख्याचं पातं बोटानं फिरवलं. मोकळं फिरायला हवं होतं, ते जड जात होतं. पावसाळ्यांतला चिखल आणि नऊ वर्षांचं वय, बेअरिंग आखडलं होतं. मोटरला जोर लावावा लागे, ती जास्त वीज ओढे आणि फ्यूज आपला जीव देऊन वायरी वाचवी.

मोटर बदलली. मजुरीसकट साडेतीन हजारांत काम झालं. रेडिएटर तोच, पंपही तोच. आजही ती गाडी आमच्या दारात आहे.

गॅरेजवाले सगळेच फसवतात, असं मला म्हणायचं नाही. रेडिएटर खरोखर तुंबलेलाही असू शकतो. पण कशामुळे असं वाटतं, हे विचारायचा हक्क गाडी आणणाऱ्या बाईला आहे आणि उत्तर समजण्याची अक्कलही आहे. काढलेला जुना भाग परत मागा. बदलण्याआधी एकदा डोळ्यांनी बघा. एवढं विचारलं की समोरचा माणूस आपोआप नीट बोलू लागतो, हा माझा अनुभव.

दुर्लक्ष माझंच

आता कबुलीही देते. घाटात गाडी अचानक तापली असं मी सगळ्यांना सांगत होते, ते खरं नव्हतं. आधीचे दोन आठवडे सिग्नलला एसी कोमट व्हायचा आणि गाडी निघाली की गार. मी ठरवून टाकलं, “गॅस कमी झाला असेल, पुढच्या महिन्यात बघू.” आणि लेक एकदा म्हणाली होती, “आई, आपली गाडी आता थांबल्यावर गुरगुरत नाही.” आमच्या गाडीत इंजिन बंद केल्यावरही पंखा मिनिटभर फिरत राहायचा. तो आवाज बंद झाल्याचं आठ वर्षांच्या मुलीला कळलं. मी “हो का?” म्हणून भाजीच्या पिशव्या उचलल्या.

दोन आठवडे आधी लक्ष दिलं असतं तर सासूबाईंना तो घाट तसा चढावा लागला नसता. त्यांचा डोळा व्यवस्थित आहे, देवाची कृपा. पण त्या पाऊण तासात माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते माझं मला माहीत. आणि काटा लाल झाल्यावरही मी तशीच गाडी रेटली असती, तर हेड गास्केट जळलं असतं, हेड वाकडं झालं असतं आणि मग खर्चाचा आकडा काही हजारांत थांबला नसता.

रस्त्यात गाडी तापली तर

ही एवढी चौकट कापून गाडीच्या कप्प्यात ठेवा :

• काटा वर जाताना दिसला की आधी एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि काचा उघड्या.

• तरीही चढला, किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद, चारी दिवे लुकलुकते ठेवा. चढावर असाल तर चाकाला दगड.

• मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना रस्त्यापासून दूर, सावलीत बसवा.

• वाफ जोरात येत असेल तर बॉनेटही लगेच उघडू नका, ती ओसरू द्या.

• रेडिएटरचं झाकण निदान अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही. शंका असेल तर अजून थांबा.

• अडचणीत साधं पाणी चालतं, पण घरी पोचल्यावर योग्य कूलंट भरून घ्या. नळाच्या पाण्यानं आत क्षार आणि गंज धरतो.

• पंखा फिरत नाही हे कळलं असेल तर गर्दीचा आणि घाटाचा रस्ता टाळून, जवळच्या दुरुस्तीपर्यंतच जा. काटा पुन्हा चढला तर पुन्हा थांबा, नाही तर गाडी ओढून न्या.

• गाडीत कायम असावं : दोन बाटल्या पाणी, जाड फडकं, विजेरी आणि नेमक्या आकड्यांचे दोन-चार जादा फ्यूज.

आणि महिन्यातून एकदा, कणीक मळून झाल्यावर ती मुरायला ठेवतो ना, तेवढ्याच वेळात अंगणात जाऊन गाडी सुरू करा, एसी लावा आणि पंख्याचा आवाज ऐका. दहा मिनिटांचं काम.

त्या ट्रकचालकांचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. गाडीचा नंबरही पाहिला नाही. घाटात मागे कुणाची गाडी वाफाळत उभी दिसली की आता मीच काच खाली करून ओरडते, “झाकण उघडू नका हं!” हे शेजारी बसून हसतात. हसेनात का!

सासूबाई आता दोन्ही डोळ्यांनी लख्ख बघतात. गावाला जायचं ठरलं की देवापुढे साखर ठेवतात, पिशवीत थेंबांची बाटली घेतात आणि गाडीत बसण्याआधी दाराशी उभ्या राहून मला न चुकता विचारतात,

“काय गं, पंखा फिरतो ना?”